न धुतलेली लोकर

९ फेब्रुवारी

भिंगरी,

अक्षर बघून पत्र कुणाचं ते ओळखलंच असशील. फाडायचं असेल तर खुशाल फाड. पण मागोमाग एक पार्सल येईल, त्याच्यावर राग काढू नकोस. त्याने तुझं काही बिघडवलेलं नाही.

लोकरीचा व्यापारी परवा गठ्ठे बघायला आला होता. नेहमीप्रमाणे मालाला नावं ठेवून झाली, दोन कप चहा झाला, आणि गाडीत बसता बसता म्हणाला, "तुमची लेक भेटली होती तिकडे. पाचवा महिना ना तिला?" मी म्हणालो, "हो, पाचवा." जणू मीच महिने मोजत बसलोय! तो गेल्यावर तुझ्या आत्याला सांगितलं, तर ती हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली आणि मग माझ्यावरच ओरडली, "पत्ता विचारलास का? की नुसती मान डोलावलीस?" पत्ता विचारला होता. एवढा काही मी बावळट नाही. फोन नंबर मात्र त्याच्याकडे नव्हता, आणि तुझा जुना नंबर बंद करून तुला किती काळ झाला ते तुलाच माहीत.

पार्सलमध्ये ढमीची लोकर आहे. तू बाटलीने दूध पाजून वाढवलेली ढमी. आता म्हातारी झाली, पुढचे दात गेले, पण लोकर अजून अशी आहे की कात्री आपोआप पुढे सरकते. यंदा तिला मी स्वतः कातरलं, कातरणाऱ्यांच्या टोळीतल्या कुणाला हात लावू दिला नाही. सबंध एका तुकड्यात निघाली. कुठे तुटली नाही, कातडीला कुठे ओरखडासुद्धा नाही. पोटाखालची घाण तेवढी काढून टाकली. बाकी जशीच्या तशी आहे आणि तशीच राहू दे. धुऊ नकोस. शहरात राहून साबणाची सवय लागली असेल, म्हणून बजावतो. आपल्या धंद्यातल्या प्रत्येक घरात मूल पहिल्यांदा निजतं ते न धुतलेल्या लोकरीवर. तिच्यातलं मेण अंगाला लागलं की कातडी फुटत नाही आणि मूल शांत होतं. मी तसाच निजलो, तूही तशीच निजलीस, तुझी आत्याही निजली. तिचं तोंड तेवढं शांत झालं नाही, पण त्यात लोकरीचा दोष नाही.

पार्सल आलं की लगेच उघड. बांधून ठेवलीस तर कोंदट वास धरेल. रोज थोडी झटकून वाऱ्यावर टाकत जा आणि एरवी झोपायच्या खोलीतच ठेव.

इकडे सगळं ठीक. सीझन जोरात आहे. यंदा मेंढ्या फार गाभडल्या. शेडच्या मागच्या बाजूला रोज एखादी मेंढी कोकरू टाकते, मालक वैतागलाय. ढमीचंही गेलं. या वयात तिला कशाला हवं होतं म्हणा. मला थोडा कातरणीचा ताप आहे. तुला माहीतच आहे, तो सगळ्यांना येतो. ज्याला येत नाही त्याने कामचुकारपणा केला असं आपण म्हणतो. अंथरूण घामाने भिजतं, सकाळी पुन्हा कात्री हातात. कंबर वाकलेली आहेच. आता सरळ केली तर माणसं ओळखणार नाहीत.

मागचं मागे टाक. मी बोललो ते रागात बोललो, तू गेलीस तीही रागात गेलीस. फिटंफाट झाली. एवढ्यावरून कुणी बापाशी बोलणं टाकत नाही.

तुझा बाप

ता. क. आत्या म्हणते, जड उचलू नकोस.


२ मार्च

भिंगरी,

पार्सल उघडू नकोस.

हे पाकिटावरही लिहिलंय, दोन्ही बाजूंनी, मोठ्या अक्षरात. पोस्टातला कारकून म्हणाला, "काका, पत्त्याला जागा ठेवली असती तर बरं झालं असतं." शेवटी त्याने दुसरं मोठं पाकीट दिलं.

उघडलं असशील तर त्या खोलीत पुन्हा जाऊ नकोस. जावईबापूंना तोंडा-नाकाला ओलं फडकं बांधायला सांग, लोकर न झटकता पिशवीत भरायला सांग आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधायला सांग. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि तू आजच्या आज डॉक्टरकडे जा. दवाखान्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे, ती दाखव. आजाराचं नाव तिच्यावर आहे. माझ्या ते तोंडात बसत नाही.

आता काय झालं ते सांगतो. परवा शेडमध्ये मेंढी गुडघ्यांत धरलेली असतानाच मी आडवा झालो. मेंढी अर्ध्या अंगावर लोकर लोंबकळत ठेवून पळाली. सगळे हसले. मी उठेना तेव्हा हसायचे थांबले. टोळीतल्या लंबूने मला खांद्यावर घातलं आणि दवाखान्यात नेलं. आत्या मागून धावत आली.

इथे नव्या डॉक्टरीणबाई आल्यात. त्यांनी विचारलं, "ताप कधीपासून?"

मी म्हणालो, "सीझनचा आहे."

"मी सीझन नाही विचारला. कधीपासून?"

मी सांगितलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग एकदम म्हणाल्या, "यंदा मेंढ्या गाभडल्या का?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही माणसांच्या डॉक्टर ना?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. एक जंतू असतो. तो मेंढीच्या पोटात बसतो, मेंढी वरून धडधाकट दिसते. ती गाभडली किंवा व्याली की वारेतून, पाण्यातून तो बाहेर पडतो. ते वाळतं, धूळ होते, धूळ लोकरीत बसते आणि महिनोन् महिने जिवंत राहते. आपण कात्री चालवतो, लोकर झटकतो, आणि ती धूळ छातीत ओढतो. आपण ज्याला कातरणीचा ताप म्हणून मिरवतो तो हा. माझे वडील मिरवायचे, त्यांचे वडील मिरवायचे.

मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी पोटुशी बाई आहे?"

मी म्हणालो, "नाही हो, आम्ही दोघं म्हातारे बहीण-भाऊ."

तेवढ्यात मागच्या बाकावरून तुझी आत्या म्हणाली, "दादा, ढमीची लोकर."

पोरी, पोटुशी बाईच्या छातीत ही धूळ गेली तर मेंढीचं होतं तेच बाईचं होऊ शकतं. डॉक्टरीणबाईंनी हे जरा सभ्य शब्दांत सांगितलं, मी सरळ सांगतोय.

हे पत्र पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय. कागदही इथेच विकत घेतला, घरचा वापरला नाही. कागदातून जात नाही असं त्या म्हणाल्या. पण मी झटकून वाऱ्यावर टाक म्हणून लिहिलं होतं, झोपायच्या खोलीत ठेव म्हणून लिहिलं होतं. आता माझा कशावर विश्वास राहिलेला नाही, स्वतःवर तर नाहीच.

मला विशेष काही नाही. गोळ्या दिल्यात.

ताबडतोब उत्तर पाठव. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, पण पाठव.

तुझा बाप


८ मार्च

भिंगरी,

दुसरं पत्र परत आलं. वर पोस्टमनचा शेरा आहे, घेण्यास नकार. पहिलं परत आलेलं नाही. म्हणजे ते तू वाचलंस, आणि वाचून ठरवलंस की या माणसाचं आता काही घ्यायचं नाही. पार्सलही परत आलेलं नाही. पोस्टातला कारकून म्हणतो, पोचलं, तिकडे कुणीतरी सही करून घेतलं.

लहानपणापासून तू माझं कधी ऐकलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा आधार वाटतोय. मी सांगितलं म्हणून तरी तू ते उघडलं नसशील.

तर आता मीच येतोय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, खिशात ठेवणार आहे. तोंडाने नीट बोलता येईल याची मला खात्री नाही. आपण दोघं बोलायला लागलो की मुद्दा बाजूला राहतो.

मुद्दा एवढाच नाही की पार्सल उघडू नकोस. डॉक्टरीणबाईंना मी काल तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. त्या वर्षीचंही सांगितलं. तुला तिसरा महिना होता आणि तू माझ्या शेजारी उभी राहून कातरत होतीस. तुला ताप होता. घाम यायचा, डोकं धरून बसायचीस, आणि मी म्हणायचो की आता तू खरी कातरणारी झालीस. मग ते झालं. तुझं मूल गेलं. परत शेडमध्ये आलीस तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाबा, याच शेडमध्ये मेंढ्यांचं जातंय आणि माझंही गेलं. इथल्या धुळीतच काहीतरी आहे. कुणालातरी बोलवा, तपासून घ्या." आणि मी सगळ्या टोळीसमोर म्हणालो, "कातरणाऱ्याच्या पोटी असली लेचीपेची पोर कशी निघाली कोण जाणे." दोघं-तिघं हसले. तू कात्री खुंटीला लावलीस आणि गेलीस.

पहिल्या पत्रात मी याला 'रागात बोललो' म्हटलं होतं. मी रागात नव्हतो. शेड बंद पडेल, टोळी दुसरीकडे जाईल, म्हणून तुला गप्प करायचं होतं, आणि कशाने गप्प होशील ते मला माहीत होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जंतू एकदा शिरला की बाईच्या अंगात लपून राहू शकतो, आणि पुन्हा दिवस राहिले की जागा होतो. म्हणजे पार्सल तू हातात धरलं नसलंस तरी धोका आहे. पण रक्त तपासलं तर कळतं, आणि वेळेवर कळलं तर गरोदरपणात चालणारी गोळी आहे. मूल वाचतं. हे तुझ्यापर्यंत पोचलंच पाहिजे. पत्र तू घेत नाहीस, तर मग मी.

आत्या म्हणते, अंगात ताप असताना एवढा प्रवास करून वाटेत मरशील. मी म्हणालो, मेलो तर पत्र खिशात सापडेल, त्याच्यावर पत्ता आहे. तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. या घरातल्या बायकांना ते फार चांगलं जमतं.

तुझा बाप


१० मार्च, बसस्थानक

भिंगरी,

खिशातलं पत्र तुझ्या जिन्याच्या पायरीवर ठेवून आलो. ते उचललंस का, माहीत नाही. बस यायला वेळ आहे म्हणून हे लिहितोय. आज तू जे पाहिलंस ते उलटं पाहिलंस.

सकाळी तुमच्या शहरात उतरलो आणि आधी कपड्यांच्या दुकानात गेलो. नवा सदरा, नवी पँट घेतली. दुकानाच्या मागच्या खोलीत बदलली आणि अंगावरचे कपडे पिशवीत बांधून तिथेच कचऱ्यात टाकले. दुकानदार माझ्याकडे असा बघत होता की मी कुठे दरोडा घालून आलोय. दाढी आणि डोकं निघायच्या आधीच करून घेतलं होतं. लोकरीचा एक केसही तुझ्या दारात न्यायचा नाही असं ठरवलं होतं.

तुमच्या जिन्याखाली खालच्या मजल्यावरची बाई पायरी पुसत होती. मी तुझं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "पार्सल पाठवणारा." तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "ते तिने घेतलंच नाही. फेकून द्या म्हणाली. मीच सही केली, लोकरीसारखं लागत होतं हाताला. म्हटलं, उशी भरायला होईल." बादलीच्या मागे, जिन्याच्या खालच्या अंधाऱ्या जागेत होतं ते. मी गुडघ्यांवर बसलो आणि दोरी चाचपली. गाठ माझीच होती. कातरणाऱ्याची गाठ दुसऱ्या कुणाला सोडता येते, पण तशी परत बांधता येत नाही.

पोरी, माझं काही तुला नको होतं. याचा एखाद्या बापाला एवढा आनंद झाला असेल असं मला वाटत नाही. मी त्या बादलीशेजारी बसून रडलो. ती बाई घाबरली, तिने मला पाणी आणून दिलं. तिलाही सांगितलं की हिची उशी करू नका, आणि हात साबणाने धुवा. तिला मी वेडा वाटलो असेन.

पार्सल बरोबर आणलेल्या जाड पिशवीत घालून बगलेत मारलं आणि उठलो, तर तू वरून उतरत होतीस. एक हात कठड्यावर, एक पोटावर. मी तुला इतक्या दिवसांनी पाहिलं आणि पहिला शब्द काय निघाला तोंडातून?

"थांब. तिथेच थांब."

तू म्हणालीस, "बाबा?" आणि आणखी दोन पायऱ्या उतरलीस.

तेव्हाच माझं लक्ष माझ्या बुटांकडे गेलं. सदरा नवा, पँट नवी, आणि पायात शेडमधले बूट. टाचेच्या शिलाईत ढमीच्या की कुणाच्या लोकरीचा झुबका अडकलेला. म्हणून मी ओरडलो. "जवळ येऊ नकोस म्हणून सांगितलं ना!"

तुझा चेहरा उतरला, मग लाल झाला. तो लाल चेहरा माझ्या ओळखीचा आहे, आरशात रोज बघतो. तू म्हणालीस, "माझ्याच जिन्यावर मलाच अडवताय? आणि ते काय, परत घेऊन चाललात?"

मी म्हणालो, "हो."

"दिलेलं परत न्यायला एवढ्या लांब आलात?"

"हो."

एवढंच बोलता आलं, कारण छातीत उबळ आली होती आणि तुझ्या दिशेने खोकायचं नव्हतं. मी पाठ फिरवून खोकलो. तुला वाटलं असेल, या माणसाने पाठ फिरवली. मग पत्र पायरीवर ठेवलं, "रक्त तपास" म्हणालो. तू विचारलंस, "कुणाचं?" मी म्हणालो, "तुझं," आणि निघालो. पळालोच म्हण. मागून त्या बाईचा आवाज आला, "अहो, हे तुमचे वडील?" तू काय उत्तर दिलंस ते ऐकू आलं नाही.

हे पत्र मी त्या खालच्या मजल्यावरच्या बाईच्या पत्त्यावर पाठवतोय. सोबतच्या चिठ्ठीत तिला लिहिलंय की तुला वाचून दाखव, तू कान झाकून घेतलेस तरी वाचून दाखव.

रक्त तपास, भिंगरी. माझ्यासाठी काही करू नकोस, हे बाळासाठी कर. तपासणीत काही निघालं नाही तर मला आयुष्यभर वेड्यात काढ.

बाबा


११ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. आधी आत्याने वाचलं. मग मी वाचलं. तसं त्यात वाचायला फार नाही. "रक्त तपासलं. आहे. जुनं आहे पण जागं झालंय म्हणतात. गोळ्या सुरू केल्या, बाळंतपणापर्यंत रोज घ्यायच्या. बाळाची वाढ आत्तापर्यंत ठीक आहे." आणि मग एक ओळ सोडून, "तेव्हाचंही त्यानेच गेलं का?"

बाकी सगळं सोडून मी त्या ओळीकडे बघत बसलो. मी उत्तर कल्पनेने देणार नव्हतो. पत्र घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तुझी ओळ वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "तेव्हा कुणी तपासलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण तिला ताप होता, त्या शेडमध्ये ती होती, मेंढ्या गाभडत होत्या, आणि आता रक्तात जुना जंतू सापडलाय. मला विचाराल तर, हो."

हो, पोरी. त्यानेच गेलं. तू वाकलीस म्हणून गेलं नाही, मेंढी उचललीस म्हणून गेलं नाही. तुझी कंबर कच्ची नव्हती, तुझं पोट कच्चं नव्हतं. तू लेचीपेची कधीच नव्हतीस. ज्या धुळीकडे तू बोट दाखवलंस त्या धुळीनेच ते नेलं. माझं नातवंड होतं ते. मी त्याच्यासाठी एकदाही रडलो नव्हतो. आता रोज आठवण येते, आणि रडू येतं तेव्हा आत्या मुद्दाम भांडी आपटते, म्हणजे ऐकू जाणार नाही.

मी जे बोललो ते सगळ्या टोळीसमोर बोललो होतो. म्हणून परवा दवाखान्याच्या अंगणात टोळीतल्या सगळ्यांना रक्त तपासायला बोलावलं होतं, तेव्हा रांग सोडून पुढे उभा राहिलो. भाषण करायची सवय नाही. मी म्हणालो, "माझी मुलगी हे त्या वर्षीच सांगत होती. मी तिची चेष्टा केली आणि तुम्ही हसलात. तिचं खरं होतं." मग लंबू म्हणाला, "मी हसलो होतो. मला आठवतंय." त्याची बायको आता पोटुशी आहे. तिला त्याने त्याच दिवशी माहेरी पाठवलं, आणि स्वतःचे शेडमधले कपडे बाहेर उकळायला ठेवून मगच घरात शिरायला लागलाय. गुरांचा डॉक्टर येऊन गेला. गाभण मेंढ्या वेगळ्या बांधल्या, मागची बाजू बंद केली, वार आणि मेलेली कोकरं आता खोल पुरतात. टोळीतले सगळे नाकातोंडावर पट्टी बांधतात. एकमेकांना दरोडेखोर म्हणून चिडवतात, पण बांधतात.

ढमीची लोकर दवाखान्याच्या भट्टीत टाकली. चांगली लोकर भडकत नाही, नुसती आक्रसते आणि काळी होते. शेवटपर्यंत उभा राहिलो. इतकी सुंदर लोकर मी पुन्हा कातरणार नाही.

आणि आता जे लपवलं ते सांगतो, नाहीतर आत्या तिच्या पद्धतीने सांगेल आणि तू मला पोचवायलाच निघशील. तो जंतू माझ्या हृदयाच्या झडपेवर बसलाय. दीड वर्ष गोळ्या आहेत, मग पुढे बघायचं. कात्री बंद. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "कंबरेला बरं वाटेल." त्या पहिल्यांदाच हसल्या.

तुझी कात्री मी इतके दिवस वापरत होतो. खुंटीवर गंजवून काय करायचं म्हणून. धार अजून छान आहे. ती लंबूला दिली. तुला विचारायला हवं होतं, पण आता दिली.

गोळी चुकवू नकोस.

बाबा


२० जून

भिंगरी,

जावईबापूंचा फोन दवाखान्यात आला. डॉक्टरीणबाईंनी शिपायाला पळवत पाठवलं आणि मी उघड्या डोक्याने तसाच धावलो. त्या ओरडल्या, "धावायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं!" मुलगी झाली, थोडी आधी झाली, पण पुरेशी रडते, असं जावईबापू म्हणाले. पुरेशी म्हणजे किती, असं मी विचारलं. त्यांनी फोन तिच्या तोंडाशी धरला. पुरेशी आहे. तुझ्याएवढी आहे.

मग ते म्हणाले, "ती म्हणते, बाबांना सांगा, या."

फोन डॉक्टरीणबाईंनी घेतला आणि त्यांच्याशी औषधांचं बोलत बसल्या. तुझ्या गोळ्या किती दिवस, बाळाला कधी तपासायचं, ते सगळं ठरलं. माझंही विचारून घेतलं. माझ्यापासून माणसांना लागत नाही, लागायचंच तर कपड्यांवरच्या धुळीतून, आणि शेडमध्ये तर कात्री बंद झाल्यापासून मी पाऊल टाकलेलं नाही. तरी मी येईन तो सगळं नवं घालून येईन. बूटसुद्धा. बूट घेतलेत. दुकानातच पेटीत ठेवायला सांगितलेत, घरी आणलेले नाहीत. बसमध्ये बसायच्या आधी तिथेच घालीन. आत्या म्हणते, एवढा नटून तर तू स्वतःच्या लग्नालाही गेला नव्हतास.

तिला कशावर निजवलंस ते मी विचारणार नाही. तू निजवलंस म्हणजे चांगल्यावरच निजवलं असशील. आत्याने सुती कापडाची दुपटी शिवली आहेत. ती उकळून, धुऊन, उन्हात वाळवून, पुन्हा धुतली आहेत. आता धुऊन धुऊन इतकी मऊ झालीत की काही धड उरेल की नाही शंका आहे. तुला हवी असतील तर आणतो, नको असतील तर परत नेतो. परत न्यायची मला सवय आहे.

शनिवारच्या बसने निघतो. जिन्याखाली त्या बाईंना नमस्कार करीन आणि तिथूनच तुला हाक मारीन. वर येणार नाही. तू दार उघड आणि सांग कुठवर यायचं. पहिल्या पायरीपर्यंत म्हणालीस तर पहिल्या पायरीपर्यंत, उंबऱ्यापर्यंत म्हणालीस तर उंबऱ्यापर्यंत. तू म्हणशील तिथे मी थांबेन.

बाबा